कॉम्प्युटरचा सत्कार

आर्किटेक्ट उदयसिंह अतिग्रे यांना दुकानदारानं फसवलं, असं कोल्हापुरात आजवर घडलेलं नव्हतं. निदान उदयसिंह तरी तसं सांगत. त्यामुळं नवा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांनी बायकोला छातीवर हात ठेवून सांगितलं, "निशा, दुकानदार माझ्यासमोर घाम पुसंल, बघ तू!"

"सोफा घेतला तवा तुम्हीच पुसत होता," निशा म्हणाली. ती इंटिरियरची कामं करायची, त्यामुळं सोफ्याचं दुःख तिला जरा जास्तच होतं.

कॉम्प्युटर हवा होता तो भीमबाण तालमीच्या नव्या इमारतीसाठी. आता कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसती कुस्ती नव्हे. कुस्ती, फुटबॉल, गणपती आणि निवडणूक, सगळं एकाच छपराखाली! उदयसिंह ह्याच तालमीच्या गल्लीत वाढलेले. गल्लीचा रंग लाल-काळा, आणि तो बाळाच्या टोपड्यापासून सुरू होतो. पलीकडच्या नागझरी तालमीचा रंग जांभळा-पिवळा. म्हणून भीमबाण गल्लीत वांगीसुद्धा हिरवी खातात. लग्नात हळदीला इलाज नसतो, तेवढी एक माघार.

अशा गल्लीतल्या आर्किटेक्टला तालमीची इमारत मिळाली नाही, तर त्यानं तोंड कुठल्या पेठेत लपवायचं? पण अध्यक्ष हंबीररावांची अट होती. "कागद दावू नगंस. कागदावर सगळंच उभं ऱ्हातंय. इमारत आतनं फिरून दाव!" उदयसिंहांचा जुना कॉम्प्युटर मात्र थ्रीडी चित्र फिरवायला घेतलं की भरल्या पोटाच्या म्हशीसारखा मधेच बसायचा.

उदयसिंहांनी तीन आठवडे अभ्यास केला. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, तज्ज्ञ ऐकले, तज्ज्ञांना खोडून काढणारे तज्ज्ञही ऐकले. प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड यांशिवाय त्यांच्या तोंडी दुसरा विषय राहिला नाही. शेजारच्यांच्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले आणि मुलाची उंची सोडून रॅम विचारून आले!

मग राजारामपुरीतल्या दुकानात आदर्श नावाच्या दुकानदाराची तोंडी परीक्षा झाली. आदर्श खरंच घाम पुसत होता. (दुकानातला एसी बंद होता, पण ते असो.) सगळं पक्कं झाल्यावर त्यानं विचारलं, "साहेब, कॉम्प्युटरच्या पेटीत पंखे असत्यात, त्यांची लाईट कुठल्या रंगाची देऊ?"

"मला इमारती काढायच्यात, मिरवणुकीत नाचायचं न्हाय. कुठलीबी दे!"

"मग ही पेटी न्या की. हिच्यावर सूट हाय. लई महिने पडून हाय."

"मशीन तेच?"

"अगदी तेच."

"मग पडून का?"

आदर्शनं क्षणभर छताकडं पाहिलं. "लोकांस्नी पारख न्हाय, साहेब."

झालं! एवढं एक वाक्य त्या तीन आठवड्यांच्या अभ्यासाला पुरून उरलं. उदयसिंहांनी जुना कॉम्प्युटर बदल्यात देऊन टाकला आणि पेटी ठरवून बाहेर पडले.

पेटी आली रविवारी सकाळी. त्याच दिवशी भीमबाण आणि नागझरी यांचा फुटबॉलचा अंतिम सामना होता. तालमीची कमिटी एका जागी सापडते ती फक्त अंतिम सामन्याला. हंबीररावांनी कळवलं होतं, "कप घिऊन थेट तुझ्या हापिसात येतो. गुलालातच इमारत बघू!"

दिवसभर उदयसिंह घरातल्याच ऑफिसात पडद्यासमोरून हलले नाहीत. काय तो वेग! भिंत म्हणताच भिंत, जिना म्हणताच जिना! पेटी खिडकीखाली उन्हात होती, तिच्याकडं बघायला सवड कुणाला? संध्याकाळी बातमी आली: भीमबाण पेनल्टीवर हरली. कमिटी निघालीय. गुलाल नाही.

चित्र ठसठशीत दिसावं म्हणून निशानं खिडकीचे पडदे ओढले, आणि किंचाळली.

"अहो! हे रंग कुणाचं?"

उदयसिंहांनी वळून पाहिलं. पेटीच्या काचेतून जांभळ्या आणि पिवळ्या उजेडाचे झोत फिरत होते. भिंती जांभळ्या, छत पिवळं. नागझरीचा विजयोत्सव जणू ह्याच खोलीत चालला होता. उदयसिंह मटकन खाली बसले. खुर्ची तिथं नव्हती.

बसल्या जागेवरून त्यांनी फोन लावला. "आदर्श, ती लाईट बंद कशी करायची?"

"हुईत न्हाय, साहेब. पंखा फिरला की लाईट लागणार. ते रंग नागझरीवाल्यांशिवाय कोण घेत न्हाय, म्हणून तर सूट!"

जिन्यावर जड पावलं वाजली. निशानं कपाट उघडलं. गावच्या रिवाजाप्रमाणं त्यात सत्काराच्या शालींची थप्पी होती. एक शाल तिनं पेटीवर टाकली, चारी बाजूंनी खोचली आणि खोलीतला दिवा लावला.

कमिटी आत आली ती मातीला जाऊन आल्यासारखी. पुढं हंबीरराव, पैलवानकीत मोडलेले कान आणि पांढराशुभ्र शर्ट. मागं चिटणीस पिराजी, हातात मोबाइल. त्याच्यामागं बाकीचे.

"च्या नगं," हंबीरराव म्हणाले. "साखर खायासारखा दिस न्हाय ह्यो. आन् हे काय झाकून ठेवलंय?"

"नवं मशीन हाय, आबा," निशा म्हणाली. "आजच सत्कार केला."

कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. जिथं रेड्याचा वाढदिवस होतो, तिथं कॉम्प्युटरनं काय घोडं मारलंय?

दिवा बंद झाला, इमारत सुरू झाली. भव्य दरवाजा! लाल मातीचा हौद! व्यायामशाळा! कमिटी थक्क.

"दुकानाचं गाळं किती निघत्यात?" एकानं विचारलं.

"माझा फोटो कुठल्या भिंतीवर?" हंबीररावांनी विचारलं.

"पैलवानांच्या खोल्या जरा बारीक करून गाळं वाढीव की!" पिराजी म्हणाला. पैलवानांनी राहायचं कुठं, हे कुणी विचारलं नाही. सगळं अगदी सुरळीत चाललं होतं.

तेवढ्यात शालीखाली घरघर सुरू झाली. आधी मिक्सरसारखी, मग पिठाच्या गिरणीसारखी. पडद्यावरची इमारत जिन्यातच अडखळू लागली.

"गरम व्हायलंय त्ये," हंबीरराव म्हणाले. "शाल काढ की!"

"नको आबा!" उदयसिंह ओरडलेच. "सत्काराची हाय!"

"व्हय, पण सत्कार केला कुणी?"

"घरच्या घरीच..."

हंबीररावांचा चेहरा पडला. आज सामना गेला, कप गेला, आणि आता सत्कारही त्यांना सोडून! "आरं, अध्यक्ष यायच्या आधी सत्कार हुतोय व्हय कुठं? सरक. परत करू!"

उदयसिंह आडवे आले. पैलवानानं त्यांना नुसत्या कोपरानं बाजूला ठेवलं. दोन्ही हातांनी शाल वर उचलली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं मशीनकडं न बघता कॅमेऱ्याकडं बघून हसले. सत्कार म्हटला की पिराजीचा अंगठाही आपोआप चाले. फोटो निघाला. "आबांच्या हस्ते सत्कार" असं लिहून गेलासुद्धा!

मग हंबीररावांनी सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग स्वतःच्या शर्टाकडं. डावी बाजू जांभळी होती. उजवी पिवळी.

"पिराजी. फोटो कुणाला धाडलास?"

"आपल्याच ग्रुपवर, आबा. पण..." पिराजीनं मोबाइल खिशात घातला. "ग्रुपात नागझरीचं चार जावई हायत."

मोबाइल लगेच टुणकला. पिराजीनं तो काढून वाचलं, "आमच्या विजयाचा सत्कार केल्याबद्दल आबांचे आभार."

घरघर तेवढी चालू होती. उदयसिंहांना आपली इमारत वीट वीट उतरताना दिसली.

"आबा, उद्याच पंखे बदलतो..."

"गप." हंबीरराव पेटीकडं टक लावून बघत होते. "ही जांभळी-पिवळी पेटी कुणाची?"

"माझी, आबा."

"न्हवं. कुणाची?"

"माझीच की!"

"पिराजी, सांग ह्याला."

चिटणीस उगाच होत नाही माणूस. पिराजीचे डोळे चमकले. "नागझरीची!"

"मग हितं कशी?"

"आपण जिंकून आणली!"

"हां! कप त्यांनी न्हेला, कॉम्प्युटर आपण आणला. सुटला हिशोब!"

"पण आबा, पावती माझ्या नावावर हाय!"

हंबीररावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुला इमारत पायजे, का पावती?"

उदयसिंहांनी निशाकडं पाहिलं. निशानं छताकडं पाहिलं. मग उदयसिंहांनी स्वतः वाकून प्लग काढला.

हलगी आली, गुलाल आला. पेटी डोक्यावर घेऊन गल्लीतून मिरवणूक निघाली. सामना हरलेली माणसं इतकी नाचताना कोल्हापुरानं प्रथमच पाहिली. नागझरीचा मेसेज आला, "आमचा कुठला कॉम्प्युटर? आमच्याकडं कॉम्प्युटरच न्हाय!"

पिराजीनं उत्तर पाठवलं, "आता कसा असंल?"

इमारतीचं काम मात्र उदयसिंहांनाच मिळालं. हंबीरराव शब्दाला पक्के. हार घालून, पेढा भरवून, सगळ्यांसमोर मिळालं. पेटी तालमीत कपांच्या कपाटात काचेमागं बसली. दोन दिवसांनी उदयसिंह घरातले सगळे पेढे संपवून तिथं गेले.

"आबा, तासभर तेवढा चालू करू द्या. इमारतीचं सगळं चित्र त्याच्यातच हाय."

हंबीररावांनी खेदानं मान हलवली. "चालू केला की आपल्याच तालमीत नागझरीचा रंग झळकंल. रंग दिसला की लोकं म्हणतील, मग हरलं कोण? तालमीच्या अब्रूपुढं तासभर म्हंजे लई झालं, उदयसिंह."

भूमिपूजन होऊन आता पाच महिने झाले. कोनशिलेवर उदयसिंहांचं नाव आहे. कुणी विचारलंच, तर ते सांगतात, इमारत अगदी तयार आहे. कपाटात आहे.