मंदाताईंच्या घरचं बहुमत

आमच्या शेजारच्या मंदाताई साळवे यांच्याकडे दुधी शिजवायचा की फ्लॉवर, हे मतदानाने ठरतं. सगळे हात वर करतात, ताई स्वतः मोजतात आणि बहुधा स्वतःच हरतात. "माझ्याच घरात मी अल्पमतात," असं त्या मला जिन्यात इतक्या आनंदाने सांगतात, की अभिनंदन करावं की सांत्वन, तेच कळत नाही.

ताई केंद्र सरकारच्या एका खात्यात अधिकारी. लग्न केलेलं नाही. राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरातलं त्यांचं सरकारी क्वार्टर मोठ्या हॉस्पिटलपासून जवळ, त्यामुळे महाराष्ट्रातून उपचाराला आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक कायम मुक्कामाला. पूर्वीची ओळख कुणाचीच नाही. हॉलभर पानिपतच्या चादरी अंथरलेल्या, पलंगावर पेशंट आणि ताई जमिनीवर. आभार मानायला मात्र सक्त बंदी. सध्या मुक्कामाला असलेले लातूरचे एक गृहस्थ पहिल्या दिवशी पाया पडायला वाकले, तर ताईंनी त्यांच्या हातात झाडू दिला. "उपकार नाहीत हे. घर सगळ्यांचं, काम सगळ्यांचं." त्या पक्क्या समाजवादी. हे वडिलांकडून आलंय, आणि वडिलांकडून आलेली गोष्ट माणूस सहसा दुरुस्तीला टाकत नाही.

त्यांचा भाचा निनाद गुरगावला नोकरी करतो. दर रविवारी येतो, वाट्याची भांडी घासतो आणि घासता घासता मावशीशी भांडतो. पगाराचा दहावा हिस्सा तो आफ्रिकेत मच्छरदाण्या वाटणाऱ्या एका संस्थेला पाठवतो. परोपकारही डोकं वापरून करावा, तेवढ्याच पैशात जास्तीत जास्त जीव कुठे वाचतात ते आधी बघावं, हे त्याचं तत्त्व.

"मावशी, मच्छरदाणीने मुलं वाचतात. हे सिद्ध झालंय यार."

"अच्छा. आणि डबकी कोण बुजवणार? ते सरकारचं काम आहे. तुम्ही दानशूर मंडळी मध्ये पडता म्हणून सरकार निवांत झोपतं."

"डबकं बुजेपर्यंत मुलाने थांबायचं का?"

यावर ताई म्हणतात, "कढई नीट घास."

यंदा ताई निवृत्त होणार, म्हणजे क्वार्टर जाणार. पेन्शनमधून हॉस्पिटलजवळ घर भाड्याने घ्यायचं आणि हेच पुढे चालवायचं, असा त्यांचा बेत होता. निनाद म्हणाला, "त्यापेक्षा माझ्याकडे राहायला ये. भाड्याचे पैसे मच्छरदाण्यांना दे. कितीतरी जास्त जीव वाचतील." आता लोकशाहीवाल्या बाईने काय करावं? तिने प्रस्ताव मतदानाला टाकला आणि मला साक्षीला बोलावलं.

निकालाची ताईंना खात्री होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. ज्यांच्या डोक्यावर हे छप्पर आहे, तीच माणसं ते काढून घ्यायला हात कशाला वर करतील? पण रविवारी पहिला हात लातूरकरांचा वर गेला, आणि मग खोलीतल्या सगळ्यांचेच. सगळे निनादच्या बाजूने.

"तुम्ही मच्छरदाण्यांच्या बाजूचे?" ताईंनी विचारलं.

"त्यातलं आम्हाला काय कळतंय," लातूरकर म्हणाले. "पण तुम्ही किती वर्षं आमच्यासारख्यांसाठी राबणार, ताई? आता भाच्याकडे सुखाने राहा."

माणसं स्वतःचा निवारा मोडून या बाईला विसावा देत होती.

"ठराव मला मान्य नाही," ताई म्हणाल्या. त्यांना बहुमत नाकारताना मी प्रथमच पाहत होतो. सुरुवातीला आवाज अगदी ऑफिसातला होता, पण तो टिकला नाही. त्या निनादकडे वळल्या. "तुझा हिशोब बिल्कुल बरोबर आहे. समाजवाद वगैरेही जाऊ दे आज. मी ऑफिसातून येते तेव्हा आतून कुणीतरी दार उघडतं, आणि मी बॅग ठेवायच्या आत डॉक्टर काय म्हणाले ते सांगायला लागतं. तू वाचवलेली मुलं खूप जगोत. पण ती माझं दार उघडायला येणार नाहीत रे."

निनादने उठून मावशीच्या चपला तिच्यापुढे आणून ठेवल्या.

"चल," तो म्हणाला. "प्रॉपर्टी डीलरची दुकानं रविवारी उघडी असतात. घर बघून येऊ."