खऱ्या फोटोचा मोबाइल

हिवरखेडच्या खुशालरावांनी टचस्क्रीनचा मोबाइल घेतला तो केवळ सत्यासाठी. माणसे मोबाइल घेतात ती बोलण्यासाठी, बघण्यासाठी किंवा शेजाऱ्याने घेतला म्हणून. सत्यासाठी मोबाइल घेणारा माणूस तेल्हारा तालुक्यात दुसरा नसावा. स्वतःपुरता त्यांना बटणांचा जुना मोबाइल पुरत होता. ओलिताची वीज आली की नाही, एवढे त्यावर समजे, आणि वीज बहुधा आलेली नसे.

कारण घडले ते मुलीच्या फोटोचे. आचल अकोल्याला मामाकडे राहून एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करीत होती. ती काळी होती. नातेवाईक तिला सावळी म्हणत, बायोडाटावर 'गहूवर्ण' असे लिहिलेले असे, आणि ती स्वतः सरळ काळी म्हणे. लहानपणी बैलबंडीवरून पडल्याची मोठी खूण तिच्या कपाळावर होती. पाहायला येणारे पाहुणे चिवडा संपेपर्यंत तिच्या शिक्षणाचे कौतुक करीत आणि फाटकाबाहेर पडल्यावर त्यांना एकाएकी पत्रिका आठवे.

अमरावतीच्या एका स्थळाचा विषय निघाला तेव्हा आचलने अट घातली.

"बाबा, पहिले फोटो पाठवा. हाये तसा. रंग पाहून, कपाय पाहून ज्याले यायचं असन त्यानंच यावं. नाई तं मी आता कोनापुढेच येऊन बसनार नाई. हे शेवटचं."

"मंग अकोल्याले जठारपेठेतल्या स्टुडिओत काढू," गोदाबाई म्हणाल्या.

"थो स्टुडिओवाला खोटा मानूस हाये," खुशालराव म्हणाले. पुतण्याच्या लग्नातल्या फोटोत त्या स्टुडिओवाल्याने त्यांच्या अंगावर निळा कोट चढवला होता. खुशालरावांनी जन्मात कोट घातला नव्हता. तो फोटो भिंतीवर लागल्यापासून प्रत्येक पाहुण्याला ते 'कोट माहा नोय' असे आधी सांगून मगच पाणी विचारीत. "पोरीचा फोटो मी काढीन. माह्या हातानं. म्हनजे खोट्याचं कामच नाई."

मोबाइल कोणता घ्यावा, हे विचारायला ते अकोल्याला मेहुण्याकडे गेले. मेहुणा गजेंद्र, म्हणजे आचलचा मामा, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत असे आणि मोबाइलविषयी त्याची मते त्याच्या मोबाइलइतकीच भारी होती.

"भाऊजी, स्वस्त टचस्क्रीन कोनी बनवूच नये, अन कोनी घेऊच नये," तो म्हणाला. "त्याच्यात काईच खरं नसते."

"तुह्या मोबाइलमंधी काय खरं असते?"

"फोटो खरा येते."

"मंग दे तुहाच. एक फोटो काढतो अन वापस करतो."

गजेंद्रने विषय बदलला. शेतात, धुळीत, भाऊजींच्या हातात आपला मोबाइल, या कल्पनेनेच त्याच्या कपाळाला घाम आला होता. अर्थशास्त्राचा सिद्धांत असा जागीच थांबल्यामुळे खुशालराव मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेले आणि ज्या कंपनीचे नाव कंपनीच्या मालकानेही फारसे ऐकले नसावे, अशा कंपनीचा मोबाइल घेऊन आले. त्याच्या पाठीवर चार कॅमेरे होते. त्यांतले तीन शोभेचे होते. पडद्याच्या उजवीकडच्या वरच्या कोपऱ्याला बोट लावले असता काहीच घडत नसे, पण दुकानदाराने त्या कोपऱ्याचे कामच पडत नाही असे छातीवर हात ठेवून सांगितले होते.

रविवारी आचल घरी आली. खुशालरावांनी भरदुपारी तिला कपाशीच्या वावरात उभे केले, कारण सूर्यप्रकाशात काही लपत नाही असे त्यांचे मत होते. उन्हात मोबाइलचा पडदा ठार काळा झाला. त्यात त्यांना स्वतःच्याच मिशा दिसत होत्या.

"बाबा, दिसून राहिली का मी?"

"दिसून राहिली ना, चांगली दिसून राहिली," खुशालराव म्हणाले. ते मोबाइलच्या वरून थेट तिच्याकडेच पाहत होते.

आचलने फोटो पाहायला नकार दिला. "मले नोका दाखवू. पाह्यला तं पाठवू देनार नाई." खुशालराव आणि गोदाबाईंनी मात्र संध्याकाळी ओसरीत बसून तो नीट पाहिला. त्यांना त्यात काहीही वावगे दिसले नाही. आईबापांच्या डोळ्यांत तसला कॅमेरा जन्मतःच बसवलेला असतो. फोटो अमरावतीला गेला आणि त्याच रात्री उत्तर आले: 'मुलगी पसंत. येत्या रविवारी येतो.'

आचलने ते उत्तर बापाकडून दोनदा वाचून घेतले. "फोटो पाहूनच म्हनलं ना त्याइनं?"

"मंग? फोटोच तं धाडला व्हता."

पाहुणे येणार त्या दिवशी तिने केस मागे घेऊन बांधले. एरवी ती ते कपाळावर ओढून घेत असे. गोदाबाईंना ते दिसले.

पाहुणे आले ते तिघे. नवरामुलगा प्रीतम, त्याचे वडील नत्थुजी आणि आत्या माणिकबाई. नत्थुजींची पत्नी हयात नव्हती. तेव्हापासून घराचा कारभार माणिकबाईंकडे होता, आणि त्याआधीही तो त्यांच्याकडेच असावा असे त्यांच्या बसण्यावरून वाटत होते. मदतीला आलेला गजेंद्र स्वस्त मोबाइलविषयी काही सांगणार, तोच आचल आली आणि समोर बसली.

माणिकबाईंनी चष्मा लावला. पिशवीतून स्वतःचा मोबाइल काढला. मोबाइलकडे पाहिले, आचलकडे पाहिले, पुन्हा मोबाइलकडे पाहिले.

"हे तं थोरली असन. फोटोतली कुठी हाये?"

"थोरली-धाकटी काई नाई, बाई. आमाले एकच पोरगी हाये," गोदाबाई म्हणाल्या.

"मंग हे कोन हाये?"

माणिकबाईंनी मोबाइल सगळ्यांना दिसेल असा धरला. फोटो आणि आचल एका वेळी डोळ्यांसमोर येण्याची खुशालरावांची ही पहिलीच वेळ होती. फोटोतल्या मुलीचा चेहरा मैद्यात घोळून काढल्यासारखा होता. कपाळावरची खूण नव्हती, आणि खुणेबरोबर सफाईच्या भरात नाकाचाही थोडा भाग गेला होता.

"फोटो म्याच काढला," खुशालराव कसेबसे म्हणाले. "माह्या हातानं."

"मंग हातात जादू हाये तुमच्या," माणिकबाई म्हणाल्या. "आमी का आंधये हावो? अमरावतीवरून गाडी करून आलो आमी. सिधं सांगाचं ना, पोरगी कायी हाये म्हून!"

आचलने फोटो पाहिला. मग बापाकडे पाहिले.

"बाबा, तुमी पन?"

ती एवढेच म्हणाली. खुशालरावांनी भिंतीवरच्या कोटाकडे पाहिले आणि खाली मान घातली.

गजेंद्रने तोवर भाऊजींचा मोबाइल हातात घेतला होता. त्याच्या लक्षात प्रकार आला आणि दुःखाच्या प्रसंगी चेहऱ्यावर दिसू नये असा आनंद त्याच्या चेहऱ्यावर दिसला. "मी म्हनत नव्हतो? याच्या क्यामेऱ्यात गोरं करायचं मशीन बसेल हाये. कोनी सांगतलं नसलं तरी थे चालूच राह्यते. थांबा, आता बंद करून खरा फोटो दाखवतो."

बंद करण्याची खूण पडद्याच्या उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात होती. गजेंद्रने तर्जनी लावली, अंगठा लावला, मग प्राध्यापकाला न शोभेल इतक्या जोराने मधले बोट लावले.

"थुका लावून पाह्य," गोदाबाईंनी सुचवले.

थुंकी लावल्यावर मोबाइलने घरातल्या पंख्याचा एक फोटो काढला. पंखा गोरा आला.

"सारं मोबाइलवर ढकलून राहिले तुमी," माणिकबाई उठत म्हणाल्या. "चाल रे प्रीतम."

"एक मिनिट, आत्याबाई," गजेंद्र म्हणाला, आणि हातघाईवर येऊन त्याने पुराव्यादाखल माणिकबाईंचाच फोटो काढून त्यांच्यासमोर धरला.

माणिकबाई उभ्या होत्या त्या हळूच खाली बसल्या. फोटोत त्यांच्या गळ्याला सुरकुती नव्हती, डोळ्यांखाली काळे नव्हते, आणि रागाने आकसलेला चेहरा गुळगुळीत होऊन त्याला एक सात्त्विक तेज आले होते. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांच्या बाबतीत हे प्रथमच घडत असल्याने नत्थुजी घाबरून पुढे सरकले.

"काय झालं, माणिक?"

"काई नाई," माणिकबाई म्हणाल्या. "क्यामेरा तं बराच दिसते यांचा." आणि पदर सारखा करीत त्या गजेंद्रला म्हणाल्या, "थो कोपऱ्यातून घेतला तुमी. आता समोरून घ्या."

समोरून घेतला. बसून घेतला. एक अंगणात, तुळशीजवळ घेतला. प्रत्येक फोटोगणिक माणिकबाईंचे वय उतरत गेले आणि फसवणुकीचा आरोपही त्याच वेगाने उतरत गेला. मग नत्थुजींचा काढला. नत्थुजींच्या चेहऱ्यावर लहानपणीच्या देवीचे व्रण होते. त्यांनी फोटो हातात घेतला आणि चष्मा वर करून जवळ धरला.

"पुसले गेले," ते हळूच म्हणाले. "माही माय असती तं तिले दाखवला असता. जलमभर म्हने, देवीनं माह्या पोराचं तोंड खाल्लं." त्यांनी मोबाइल परत केला. गजेंद्रला स्वस्त मोबाइलविरुद्ध आणखी एक मुद्दा सुचला होता, तो त्याने गिळला.

या गडबडीत खुशालराव मुलीजवळ जाऊन उभे राहिले.

"म्या त्या मोबाइलमंधी पाह्यलंच नाई व्हतं," ते म्हणाले. "उन्हात दिसतच नव्हतं काई. म्या तं तुह्याकडेच पाहून बटन दाबलं."

"अन मंग संध्याकाई? ओसरीत तं पाह्यला ना?"

"पाह्यला. मले थे तूच वाटली."

आचलने बापाकडे पाहिले. खुशालरावांना खोटे बोलता येत नाही, हे तिला माहीत होते. तिने त्यांच्या सदऱ्याची दुमडलेली कॉलर सरळ केली आणि विषय तिथे संपला.

माणिकबाई अंगणातून परत आल्या त्या निकाल घेऊनच. "आता रंगाचं एवढं काय घेऊन बसलो आपन? मोबाइलमंधी सारेच गोरे येतेत. पोरगी पसंत हाये."

"कोनती?" आचलने विचारले.

"कोनती म्हनजे?"

"फोटोतली का मी? मागच्या रविवारी तुमी जिले पसंत म्हनलं, थे मी नाई. अन आता जिले म्हनून राहिल्या, थे तुमी तुमचा फोटो पाहून म्हनून राहिल्या." मग ती प्रीतमकडे वळली. "अन तुमी? तुमी कोनाले हो म्हनलं व्हतं?"

प्रीतम आल्यापासून एक शब्दही बोलला नव्हता. त्याने आत्याकडे पाहिले, वडिलांकडे पाहिले आणि अखेर स्वतःच्या जबाबदारीवर तोंड उघडले.

"म्या फोटो पाह्यलाच नाई."

"नाई पाह्यला?"

"आत्यानं दाखवलाच नाई. म्हने, म्या पाह्यला म्हनजे घरानं पाह्यला. मले बायोडाटा देल्ला. थो वाचला. तुमी लॅबमंधी रक्त काढता ना?" तो जरा थांबला. "मले सुई पाह्यली का चक्कर येते."

आचलला हसू आले. ते तिने आवरले. "मंग आता पाहून घ्या. उजेडात. फोटो-बिटो नाई."

प्रीतमने पाहिले. रंग पाहिला, कपाळ पाहिले, आणि पाहुण्याने पाहावे त्याहून थोडा जास्त वेळ पाहिले. "मले पसंत हाये," तो म्हणाला.

"बरं," आचल म्हणाली. "आता मले इचार करा लागीन. बसा तुमी." आणि ती आत निघून गेली.

मुलाकडच्यांनी मुलीकडे बसून मुलीच्या विचाराची वाट पाहायची, या प्रकाराला काय म्हणतात आणि त्यात हातांचे काय करायचे असते, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हते. माणिकबाईंनी चिवड्याची बशी उचलली आणि परत ठेवली. प्रीतमकडे त्यांनी प्रथमच परक्याच्या नजरेने पाहिले. त्याचे कान मोठे होते. केस पुढून विरळ होत चालले होते. आजवर ही गोष्ट त्यांच्या ध्यानात कशी आली नाही, याचे त्यांना आश्चर्य वाटत असावे. शेवटी त्या खुशालरावांच्या कानाशी आल्या.

"भाऊ, एक इनंती व्हती."

"बोला ना, बाई."

"आमच्या प्रीतमचा एक फोटो घ्या ना तुमच्या मोबाइलवर. हाये तसा नोका घेऊ, तुमच्या मोबाइलमंधी येते तसाच घ्या. अन आत पोरीले नेऊन दाखवा. इचार कराले बरं पडीन तिले."

खुशालराव धर्मसंकटात सापडले. नाही म्हणावे तर पाहुण्यांचा अवमान होत होता आणि हो म्हणावे तर ज्या कारणासाठी मोबाइल घेतला त्याचाच. बॅटरी संपली, असे सांगून वेळ मारून न्यावी, असे त्यांनी ठरवले. आयुष्यातले हे पहिलेच खोटे. त्यामुळे ते निदान व्यवस्थित व्हावे म्हणून त्यांनी गजेंद्रकडून मोबाइल घेऊन बटण दाबून दाखवले. पडदा उजळला नाही. पुन्हा दाबले. सहा फोटोंतच बॅटरी खरोखरच संपली होती.

"ब्याटरी गेली, बाई," खुशालराव म्हणाले, आणि मोबाइल घेतल्यापासून त्याच्याविषयी एवढा जिव्हाळा त्यांना कधीच वाटला नव्हता.

त्यामुळे प्रीतमला होते तेच तोंड घेऊन बसून राहावे लागले. बऱ्याच वेळाने आचल दारात आली.

"सुईले एवढं भेता, तं उद्या घरात कोनाले काई झालं म्हनजे काय करसान?"

"तुमाले हाक मारीन," प्रीतम म्हणाला.

आचलने आईकडे पाहून मान हलवली. गोदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. नत्थुजींनी खुशालरावांचा हात हातात घेऊन त्यांना 'इवाई', म्हणजे व्याही म्हटले, आणि माणिकबाईंनी भावनेच्या त्या भरातही भानावर राहून सगळीकडे नजर फिरवली.

"आता तरी कोनी थो मोबाइल चार्जिंगले लावा, बाप्पा!" त्या म्हणाल्या.