दुसरं कडवं

सकाळी साडेनऊला मोघेकाका आपल्या घराची वीज मेन स्विचपासून बंद करतात. फ्रिज, राउटर, हीटिंग, सगळं गप्प. मग बॅटरीवर चालणारा, कडा झिजलेला एक ट्रान्झिस्टर स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवून ते तासभर मीडियम वेव्हवर जुनी इंग्रजी पॉप गाणी ऐकतात. विजेवर चालणारं काहीही जवळ असलं की मीडियम वेव्हवर घरघर येते, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे. फक्त काकांच्या हिशेबात 'जवळ' म्हणजे माझं घरसुद्धा.

कॉव्हेंट्रीतली आमची दोन घरं एका भिंतीने जोडलेली आहेत. मी घरून काम करतो आणि साडेनऊला माझी टीमची मीटिंग असते. नेमकं तेव्हाच भिंतीवर लाटणं वाजायचं. "चार्जर! अरे, तुझा चार्जर! गाण्यात माशा घोंगावतायत!" पहिल्या आठवड्यात मी भांडून पाहिलं. पण गाण्यापायी ज्याने स्वतःचं आइस्क्रीम वितळू दिलंय, त्याच्याशी काय भांडणार? लाटणं वाजलं की मी मुकाट्याने चार्जर काढू लागलो.

कसे आहात विचारलं, तर काका साधं उत्तर देत नाहीत. "टाइम चेक, नऊ वाजून बारा मिनिटं! बाहेर ड्रिझल, आणि तुमचे लाडके मोघे स्टिल ॲट नंबर वन!" ही बोली ते तरुणपणी शिकले. पुण्याहून इथल्या मोटारींच्या कारखान्यात आले तेव्हा राहायला एक खोली, आणि त्या खोलीत संध्याकाळी समुद्रापलीकडून येणारं एक दांडगं रेडिओ स्टेशन. "एका ट्रान्समीटरवर अर्धा युरोप नाचायचा रे!" असं सांगताना ते अजून खुर्चीतून अर्धे उठतात.

फक्त तो आवाज टिकायचा नाही. गाणं ऐन रंगात आलं की ओसरायचं आणि थोड्या वेळाने परत यायचं. काकांनी गाणी तशीच पाठ केली. पहिलं कडवं खणखणीत, दुसऱ्याला चिडीचूप, तिसरं पुन्हा खणखणीत. गेल्या गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात ते असे गायले, तेव्हा माइक बंद पडला समजून दोघेजण वायर तपासायला स्टेजवर चढले. काकांनी हातानेच त्यांना थोपवलं. "वायर ओके आहे. सिग्नल गेलाय. येईल."

दिवाळीला मी त्यांना डिजिटल रेडिओ दिला. प्रेमापोटी कमी, माझ्या चार्जरपोटी जास्त. काकांनी तो ट्रान्झिस्टरशेजारी ठेवून दोन्हींवर तेच स्टेशन लावलं. ट्रान्झिस्टर एक ओळ म्हणून पुढे गेला, आणि दोन-तीन सेकंदांनी नव्या रेडिओने तीच ओळ म्हटली.

"ऐकलंस? शिळं!"

"अहो काका, तीन सेकंदांनी काय बिघडतं?"

"तुला नाही कळायचं. लाइव्ह म्हणजे लाइव्ह." डबा माझ्या हातात परत आला. म्हातारा हट्टी आहे, असं मी बायकोला सांगितलं आणि विषय संपवला.

मग एका सोमवारी लाटणं वाजलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मी आपण होऊन चार्जर काढून वाट पाहिली आणि मीटिंग आटोपल्यावर शेजारी गेलो. फ्रिज चालू, दिवे चालू, आणि काका खरखरणाऱ्या ट्रान्झिस्टरपुढे बसलेले.

"बंद केलं रे. मीडियम वेव्ह बंद. स्टेशनवाले महिनाभर सांगत होते, डिजिटलवर या म्हणून. मला वाटलं, नुसतं सांगतायत."

त्या दुपारी मी त्यांना गाडीने केअर होमला सोडलं. विमलकाकी तिथे असतात. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून वाचा गेलीय. काका रोज बसने जातात हे मला माहीत होतं. आत मात्र मी कधी गेलो नव्हतो, त्या दिवशी गेलो. काकींच्या पलंगाशेजारी, खिडकीत, हुबेहूब तसाच ट्रान्झिस्टर होता.

तिथली केअरर काकांना इंग्रजीत म्हणाली, "तीन सकाळी झाल्या, मी साडेनऊला रेडिओ लावते आणि ती नुसती त्याच्याकडे बघत बसते. एरवी गाण्याच्या मध्येच गायची. एक शब्द बोलता येत नाही, पण गायची. काय हो गायची ती?"

काका लाजले. परतताना गाडीत त्यांनी मला सांगितलं. "नवी आली तेव्हा इंग्लिश येत नव्हतं तिला. आवाज गेला की मधलं कडवं ही भरून काढायची, सुचेल ते चालीवर. 'दूध संपलं, अंडी आणा.' बाकी सगळं बोलणं गेलं, हे तेवढं राहिलं. साडेनऊला मी इकडे पहिलं कडवं म्हणतो, दुसरं ती तिकडे. तुझ्या त्या डब्यावर मी तीन सेकंद मागे पडलो असतो, तर मी गप्प कोणासाठी बसायचं?"

मला माझी लाज वाटली. चार्जरची, दिवाळीच्या त्या डब्याची, सगळ्याचीच.

पण आयटीतला माणूस कधीतरी उपयोगी पडतो. मी म्हटलं, "काका, एकाच मेकचे, एकाच मॉडेलचे दोन घेऊ. उशीर व्हायचा तो दोघांना सारखाच होईल." दोन नवे रेडिओ त्यांच्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले. काकांनी दोघांच्या मधोमध कान नेऊन तीन गाणी ऐकली. दोन्हींतून एकच आवाज येत होता.

"आहे शिळंच," ते म्हणाले. "पण दोघांना एकदम वाढतायत. चालेल."

आता मेन स्विच बंद होत नाही. साडेनऊला भिंतीपलीकडून पहिलं कडवं येतं, मग शांतता. तेवढा वेळ मीही मीटिंगमध्ये बोलत नाही. दुपारी काका बसस्टॉपवर उभे असतात, हातातल्या पिशवीत दुधाची बाटली आणि अंड्यांचा खोका. केअर होममध्ये दूध-अंड्यांना तोटा नाही, असं मी एकदा सुचवून पाहिलं.

"नसेल," काका म्हणाले. "पण तिने मला सांगितलंय ना."