माझ्या नावावर अठरा पौंड

तांदळाच्या गिरणीत सव्वीस वर्षं मी पोत्यांची वजनं घेतोय. वजनात या ओरिन फ्रेझरला फसवणारा अजून जन्मायचाय! त्यामुळे भाचीच्या लग्नाला जॉर्जटाउनहून लेथमला जायचा बेत मीच आखला. शाँडेलला वडील नाहीत. तिचा हात धरून तिला चर्चमध्ये न्यायचं काम मामाचं. म्हणजे माझं.

"दोनशे पासष्ट मैल, सव्वा तास!" मी बायकोला, योनेटला, ऐकवलं. "शुक्रवारी सकाळी उडायचं, जेवायला लेथम. मिनीबसने जाणारे खुळे चौदा तास धूळ खातात."

"आणि सामान? माणशी वीसच पौंड. त्यात माझा केकच अठरा पौंडांचा!"

दोन महिने रममध्ये मुरवलेल्या फळांचा काळा केक तो. हलका कसा असेल?

"सामान तोलतात, माणसाला कोण तोलतंय?" मी डोळा मिचकावला आणि तीन शर्टांवर कोट चढवला. खिशांत चीजचे डबे, मिरचीच्या सॉसच्या बाटल्या, नव्या जोडप्यासाठी इस्त्री. चालताना भांड्यांच्या दुकानासारखा वाजत होतो!

योनेट नुसती हसली. ती लेथमला दोनदा जाऊन आली होती. मी पहिल्यांदाच निघालो होतो.

विमानतळावर काट्याजवळच्या बाईंनी मला बोटाने खुणावलं. "काका, चढा वर."

"मी?"

"बारा जणांचं विमान आहे. इथे सगळेच तोलले जातात."

काटा थरथरला. "दोनशे पाच! तिकीट काढताना एकशे पासष्ट सांगितलंत की!"

मागची रांग खिदळली. मी खिसे रिकामे केले. काउंटरवर किराणा दुकान उभं राहिलं. तरी काटा एकशे त्र्याऐंशीच्या खाली येईना.

"एकशे पासष्ट कधीचं हो?" बाईंनी विचारलं.

"माझ्या लग्नातलं," मी पुटपुटलो.

"अठरा पौंड जास्त," वैमानिक म्हणाला. "विमान काठोकाठ भरलंय. अठरा पौंडांचं काहीतरी ठेवा, नाहीतर तुम्ही राहा."

सगळ्यांनी केककडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"केक येईल," योनेट म्हणाली. श्वासही न घेता!

"अगं, नवरीला मी न्यायचंय!"

"लग्न उद्या अकराला आहे. मिनीबसच्या खड्ड्यांतून तू सलामत पोचशील. केक नाही पोचणार."

संध्याकाळी मिनीबस निघाली. नदीवरचा तराफा बिघडला, पुढे दोन टायर फुटले आणि चौदा तासांचे साडेएकवीस झाले. शनिवारी साडेतीनला मी रस्त्याच्या धुळीने विटेसारखा लाल होऊन उतरलो, तर चर्चच्या दारात शाँडेल कमरेवर हात ठेवून उभी!

"मामा, साडेचार तास! पाद्री दोनदा झोपून उठले!"

"मग सुरू करायचं ना!"

"तुझ्याशिवाय? आत पाऊल टाकणार नव्हते मी."

तिच्या पांढऱ्या हातमोज्यावर माझी पाची लाल बोटं उमटली. त्याच हाताने ती लग्न लागेपर्यंत डोळे पुसत होती.

मग मी दणक्यात ओरडलो, "चला, केक कापूया!"

सगळे जमिनीकडे पाहू लागले. साडेचार तास उपाशी बसलेल्या पाहुण्यांनी लग्नाआधीच केक फस्त केला होता!

"आणि मी केक तुझ्याच जागेवर बसवून आणला होता, पट्टा बांधून," योनेट म्हणाली आणि विमानाची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. प्रवासी: ओरिन फ्रेझर. वजन: अठरा पौंड.

पहिल्या वाढदिवसानंतर इतकं कमी वजन माझं कधीच भरलं नव्हतं!