विहीणबाईंना बसायला जागा

फूंगबाई जेवायला येणार हे ठरलं, तेव्हा टामच्या घरात काय रांधायचं यावर कुणी डोकं खाजवलं नाही. त्यांना बसवायचं कुठे, हा खरा घोर होता.

हाँगकाँगच्या शाम शुई पो भागातल्या एका जुन्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर, टाम, त्याची बायको मुई-यिंग आणि मुलगा विंग-होंग असे तिघं एका खोलीत राहत होते. लिफ्ट नव्हती. खोलीत दुमजली पलंग होता, पलंगाखाली तांदळाची पोती होती आणि वर छताला टेकलेली खोकी. कपाट उघडायचं तर आधी फ्रीजचं दार लावावं लागे. टामनं उभी हयात मिनीबस चालवण्यात घालवली होती, आणि निवृत्त झाल्यावर घरातही तो तसाच वावरायचा, वळण्याआधी मागे बघून. अशा घरात सून आणायची होती.

मुलगी गुणाची होती. सिउ-लान तिचं नाव, मलेशियातल्या इपोहची, विंग-होंगबरोबर विमानतळावर कामाला. पण तिच्या आईनं, म्हणजे फूंगबाईंनी, निरोप धाडला होता की घर बघितल्याशिवाय मी मुलगी देत नाही, आणि मुलं कामावर असताना एकटीच येईन. इपोहला त्यांचं अंगण एवढं मोठं की कोंबड्या संध्याकाळी हाका मारून गोळा कराव्या लागतात, असं विंग-होंगनं सांगितलं, तेव्हापासून मुई-यिंगची झोप उडाली होती. याआधी दोन मुलींनी हे घर दारातूनच बघितलं होतं आणि चप्पलही न काढता परत गेल्या होत्या. ही तिसरी गेली तर पोरगा पलंगाच्या वरच्या मजल्यावरच म्हातारा होणार, हे दोघांना कळत होतं.

"सगळं बाहेर काढू," मुई-यिंग म्हणाली.

"बाहेर म्हणजे कुठं?"

"जिन्यात. त्या गेल्या की परत आत. जेवणापुरता तर प्रश्न आहे, अहो."

टामला जिन्याचा कायदा ठाऊक होता. जिन्यात ठेवलेली वस्तू म्हणजे मालकाला नकोशी झालेली वस्तू, आणि उचलेल त्याची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळी इमारत त्यावरच संसार करत होती. टामचं कपाटही तिथूनच आलेलं. म्हणून त्यानं पाचव्या मजल्यावरच्या माककाकांना हाताशी धरलं.

"काका, जरा लक्ष ठेवा. टाकलेलं नाही, नुसतं ठेवलंय."

"मी स्टूल घेऊन बसतो की. काडी हलू देणार नाही," म्हातारा म्हणाला.

दुपारभर नवरा-बायकोनं घर उपसलं. पलंगाचे दोन मजले सुटे केले, फ्रीज ढकलला, कपाट, टीव्ही, तांदूळ, खोकी, सगळं जिन्यात रचलं. मग आत येऊन दोघं बघत उभे राहिले. फरशीला नक्षी होती. पलीकडच्या भिंतीत आणखी एक खिडकी होती, आणि ती आपल्याच घराची आहे हे मुई-यिंग साफ विसरली होती.

फूंगबाई सहा जिने चढून धापा टाकत आल्या. घडीचं टेबल, तीन स्टुलं, भिंतीवर कॅलेंडर, बाकी सगळा मोकळा वारा. त्यांनी चहा घेतला, दोन बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानले आणि चौफेर नजर फिरवली.

"हवेशीर आहे हो," त्या म्हणाल्या. मुई-यिंगचा चेहरा उजळला. तिनं वाफवलेला मासा पुढं आणला आणि मानाची रीत म्हणून पाहुणीकडं डोकं येईल असा ठेवला.

"झोपता कुठं?" फूंगबाईंनी विचारलं.

या प्रश्नाची तयारी कुणीच केलेली नव्हती.

"खाली," टाम म्हणाला.

"वर," मुई-यिंग त्याच क्षणी म्हणाली.

फूंगबाईंनी वर पाहिलं. वर पंखा होता.

"आणि कपडे?"

"अंगावर आहेत की," टाम म्हणाला. त्याला वेगळंच काही म्हणायचं होतं, पण तोंडातून हे निघालं.

फूंगबाईंनी जेवायच्या काड्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या. "माझा दीर रेस खेळायचा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आधी कपाट गेलं. मग फ्रीज. मग पलंग. शेवटी त्याचं घर अगदी असंच झालं होतं. टेबल आणि कॅलेंडर. भाऊ, तुम्ही रेस खेळता का?"

टामला आयुष्यात खोटं बोलणं जमलं नव्हतं. "बुधवारी," तो म्हणाला. "एखादंच तिकीट."

टेबलाखालून मुई-यिंगची लाथ बसली, पण उशिरा.

"राग मानू नका. पण मी उद्याच्या विमानानं सिउ-लानला परत नेते," फूंगबाई उठत म्हणाल्या. "मासा छान झालाय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मुई-यिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "विहीणबाई, थांबा हो. सामान आहे आमच्याकडं. पाय ठेवायला जागा नाही इतकं आहे. तुम्हाला नीट बसता यावं म्हणून जिन्यात काढून ठेवलंय."

"दाखवा."

टामनं दार उघडलं. जिन्यात एक केरसुणी होती आणि माककाकांचं स्टूल होतं. स्टुलावर माककाका नव्हते. गल्लीतल्या बसगाड्यांच्या गोंगाटात सगळं घर बिनबोभाट खाली उतरलं होतं.

पाचव्या मजल्यावर माककाकांनी दार जेमतेम नाकाएवढं उघडलं. "पाऊस आला तर भिजेल म्हणून पलंग आत घेतला."

"जिन्यात पाऊस?"

"खिडकी फुटकी आहे ना." मग म्हातारा ओशाळला आणि त्यानं दार पूर्ण उघडलं. पुन्हा जोडलेल्या पलंगाच्या खालच्या मजल्यावर त्याची बायको गाढ झोपली होती. वरच्या मजल्यावर त्यांचा संसार चढलाही होता. "कंबर गेलीय तिची. खुर्चीत झोपायची बिचारी. आता तूच उठव तिला, माझ्यानं नाही होणार."

टाम पलंगापाशी गेला, थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला.

चौथ्या मजल्यावर फ्रीज याउकाकूंकडं लागला होता. त्यांचं कालचं सूप पुढं होतं आणि टामचं टोफू मागं सरकवलं होतं. "घर सोडून चाललास आणि सांगितलंही नाहीस," काकूंनी उलट त्यालाच झापलं. "इतक्या वर्षांचा शेजार. वाईट वाटलं मला. आठवण म्हणून फ्रीज ठेवून घेतला."

"काकू, मी कुठंही जात नाहीये."

"मग जिन्यात कशाला ठेवलास?"

तिसऱ्या मजल्यावर कपाटात एका घराच्या तीन पोरांचे शाळेचे कपडे लागलेसुद्धा होते. दुसऱ्यावर टीव्ही चालू होता आणि सगळे इतके रंगात आले होते की टामलाच कुणीतरी सांगितलं, जरा बाजूला हो, दिसत नाही. प्रत्येक दारात फूंगबाई मागं उभ्या राहून आत बघत होत्या. कुठं पाच माणसं, कुठं सात. एका घरात बाप इस्त्रीच्या फळीवर जेवत होता आणि मुलगी त्याच फळीच्या दुसऱ्या टोकाला अभ्यास करत होती.

पहिल्या मजल्यावर फूंगबाई पायरीवरच बसल्या. टामच्या हातात भाताच्या कुकरचं झाकण होतं. तेवढंच परत मिळालं होतं.

"विहीणबाई, खरं सांगतो," टाम म्हणाला. "आमचंही घर रोज असंच असतं. आधी दोन मुली दारातून बघून गेल्या, म्हणून लपवलं. तिकीट मी खरंच एखादंच काढतो. सामान आमचंच होतं, आता तेही गेलं. माझं जाऊ द्या. पण पोराचं वाईट वाटतं हो. त्याचा यात काही दोष नाही."

फूंगबाईंनी जिन्यातून वर पाहिलं. "त्या झोपलेल्या आजींना उठवलं नाहीत तुम्ही," त्या म्हणाल्या.

"कसं उठवणार?"

"दिली मुलगी."

मुई-यिंगनं कठडा घट्ट धरला.

"आणि सामान गेलं ते एका परीनं बरंच झालं," फूंगबाईंचा सूर आता मोकळा झाला होता. "मला तीच काळजी होती. मुलीबरोबर सामान द्यायची आमची रीत. सासूबाईंचा शिसवी पलंग आहे, आठ जण लागतात उचलायला. आरशाचं कपाट आहे. बारा माणसांचं गोल टेबल आहे. सिउ-लान म्हणायची, आई, तिथं जागा नसते गं. मला वाटायचं, पोरगी भिडेपोटी नको म्हणते. आज डोळ्यांनी बघितलं, खोली रिकामी आहे."

टामनं जिन्याचं वळण पाहिलं. शेवटी ड्रायव्हरची नजर होती ती. "टेबल सुटं होतं का?" त्यानं विचारलं.

"छे. एकसंध," फूंगबाई अभिमानानं म्हणाल्या. "आणि नको म्हणू नका, भाऊ. सामान परत करणं म्हणजे मुलगीच परत करणं."

"नाही कसं म्हणेन," टाम म्हणाला.

दोघांनी त्यांना टॅक्सीत बसवलं आणि परत चढायला लागले. चौथ्या मजल्यावर मुई-यिंग दम खायला थांबली.

"टेबल आत जाईल?"

"खिडकीची चौकट काढली तर."

"आणि तो पलंग?"

"टेबलाखाली सरकवायचा."

"मग आपण कुठं राहायचं?"

टामनं कुकरचं झाकण या हातातून त्या हातात घेतलं. "इपोहला जाऊ," तो म्हणाला. "त्यांचं घर आता रिकामंच असणार."

मुई-यिंग हसली नाही. तिनं खरोखरच विचार केला.

"माझ्यानं आता जिने होत नाहीत हो," ती म्हणाली. "तिथं तळमजलाच आहे ना, ते आधी विचारून घ्या."