तिसरं घर, जरीपटका

कार्यालयातल्या बारापात्रेकाकांच्या सांगण्यावरून मी नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, भर दुपारी, नागपूरच्या जरीपटका वस्तीत जाऊन आलो. सचिवसाहेबांना एका दुकानदाराची ऑर्डर हवी होती. काका मान वर न करता म्हणाले, "जरीपटक्यात आहे गा, तिसरं घर. काढून आण." मी गांधीबागेतून ऑटो पकडला, जरीपटक्याच्या बाजारात उतरलो आणि रस्त्याच्या टोकापासून तिसऱ्या घराची कडी वाजवली. आतल्या बाईंनी मला पाणी दिलं. ऑर्डर मात्र त्यांच्याकडे नव्हती.

"काहून गा, खरंच गेला का तू?" मी परत आल्यावर काकांनी विचारलं आणि मला त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर इंटरनेटची एक खिडकी त्यांनी पुढे आणली. तिचं नाव जरीपटका. त्यातला डावीकडून तिसरा टॅब म्हणजे तिसरं घर. "हे पाय. घरीच तं होते ते."

मी उमरेडपुढच्या भिवापूरचा. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिलाच. कॉलेजात कॉम्प्युटरचा कोर्सही केला होता, पण त्यात मोहल्ले नव्हते.

आमचं कार्यालय कापडाच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या संघटनेचं. तिथलं सगळं काम काकांच्या कॉम्प्युटरवर उघडं असायचं, आणि ते उघडं अख्खं नागपूर असायचं. सरकारी संकेतस्थळं सिव्हिल लाइन्समध्ये. डॉक्टर आणि दवाखाने धंतोलीत. मालाचे ट्रक कुठे पोचले ते पारडीत. किरकोळ दुकानदार जरीपटक्यात. जन्मल्यापासून इथं राहिलेल्या माणसाला यात काही वावगं वाटत नसे. मला शहरही नवीन आणि ही पद्धतही नवीन. पुढे तर उलटाच गोंधळ सुरू झाला. खरोखरच्या धंतोलीतून जाताना मी डावीकडून घरं मोजू लागलो.

मोहल्ल्यांचे कायदे कडक होते. एखादं पान भलत्या खिडकीत उघडलं की काका म्हणायचे, "हा किरायदार इथं कसा घुसला?" आणि त्याला ओढत त्याच्या वस्तीत नेऊन सोडायचे. तेच पान दोनदा उघडलं तर, "एका माणसाले दोन घरं काहून पाह्यजे?" एकदा कुठूनतरी गाण्याचा आवाज येऊ लागला. काका दारोदार फिरले. "कोणाच्या घरी रेडिओ चालू आहे, सांगा ना गा," असं पडद्याला विनवत त्यांनी दुपार घालवली. तो आवाज शेवटी शेजारच्या दुकानातून निघाला.

पण सगळ्यात मोठा कायदा म्हणजे टॅब बंद करायचा नाही. टॅब वाढून वाढून त्यांची नावं दिसेनाशी झाली होती, मशीन गिरणीसारखं घरघरायचं. मी एकदा हिंमत करून एक जुना टॅब बंद केला. काकांनी तो परत उघडायला लावला. "दार लावू नको गा. कोणी बाहेर गेलं असन तं परत कसं येईन?"



त्यांचं आणखी एक मला कळत नसे. शनिवारी दुपारी मी गावाला निघालो की ते कधी कधी म्हणायचे, "छत्री घेऊन जाय." नागपुरात लख्ख ऊन असायचं. आणि उमरेडच्या पुढे पाऊस लागायचाच. मला वाटायचं, काकांचा गुडघा दुखत असेल, त्यावरून कळत असेल.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला नकाशावर माझं घर दाखवायला लावलं होतं. आकाशातून काढलेल्या फोटोत आमचं टिनाचं छत दिसलं आणि शेजारी वाळत घातलेल्या मिरच्यांचा लाल तुकडा. "स्टँडवरून कुठून शिराव लागते?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं आणि विसरून गेलो.

मग नवा कॉम्प्युटर आला. जुना संध्याकाळी मेकॅनिक नेणार होता. काकांनी त्या दिवशी जेवणाचा डबाच उघडला नाही.

"पुरी वस्ती उठवून राहिले साहेब."

"सगळी घरं तशीच्या तशी नेता येते, काका."

"याच ओळीत?"

"याच ओळीत."

"शेजारी तेच राहीन ना गा?"

मी एकेक मोहल्ला जतन करत गेलो. सगळ्यात खाली एक खिडकी दुमडून ठेवलेली होती. मी ती उघडली, तसे काका पाणी प्यायला उठले.

नाव होतं भिवापूर.

पहिल्या घरात तिथलं हवामान. दुसऱ्यात एसटीच्या वेळा. तिसऱ्यात नकाशा, त्यावर तो लाल तुकडा. चौथ्यात दम्याच्या रुग्णानं काय खावं, काय टाळावं. माझे बाबा मिरच्यांच्या कामाला जातात आणि रात्रभर खोकतात, असं मी कधीतरी बोललो असेन. मी गोंधळून परत पहिल्या घरापासून पाहिलं. आमच्या कार्यालयाचं भिवापुरात काहीच काम नव्हतं.

"हे कोणाचं होय जी, काका?"

"तुह्याच गावाचं होय." ते पेला विसळत राहिले. "नव्या मशिनीत जागा नसन तं काढून टाक."

एखादं घर काढून टाक, असं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

"अन तुमचं घर कोण्या मोहल्ल्यात आहे?"

"माह्या घरी पाहासारखं कोण आहे गा," ते म्हणाले. "मीच तं आहो. मी इथंच असतो."

मी भिवापूर सगळ्यांच्या आधी नेऊन ठेवलं.

त्या शनिवारी काका म्हणाले, "छत्री घेऊन जाय."

"दोन घेऊ," मी म्हटलं. "तुमची घ्या अन चला."

"अन हे कोण पाहीन?" त्यांनी नव्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"दारं उघडीच ठेवू."

भिवापूरला उतरलो तेव्हा भुरभुर चालू होती. काकांनी छत्री उघडली आणि चालू लागले. वाट विचारली नाही. पानठेल्यापाशी डावीकडे, हापशीवरून सरळ. मी मागे, ते पुढे. मिरच्या वाळवायची जागा रिकामी होती. तिथं मात्र ते थांबले. "इथं लाल होतं ना गा?"

"ते उन्हाळ्यात असते, काका."

त्यांनी मान हलवली आणि पुढे होऊन आमच्या दाराची कडी वाजवली. आईनं दार उघडलं. "कोण पाह्यजे जी?"

घराची सगळी माहिती असलेला तो माणूस वळून माझ्याकडे पाहत राहिला.

"घरचेच होत, माय," मी मागून म्हटलं. "पाणी आण."