सीलबंद घरघर

वालूरचे राजशेखर कल्याणराव यांच्या वाद्याला आवाज नाही, असं कळवणारं पत्र त्यांना मंगळवारच्या टपालाने मिळालं. पत्र रीतसर होतं. वर जावक क्रमांक, मध्ये तीन संदर्भ आणि खाली गोल शिक्का असल्यामुळे मजकुरावर शंका घ्यायला जागाच नव्हती. राजशेखरने ते दोनदा वाचलं, मग आतल्या खोलीत जाऊन ॲम्प्लिफायर सुरू केला, बेस गिटारची सर्वांत जाड तार छेडली आणि स्वयंपाकघराकडे कान लावला. फळीवरच्या पितळी डब्यांची झाकणं किणकिणली. म्हणजे आवाज होता. त्यावर शिक्का तेवढा नव्हता.

राजशेखर बारा वर्षं योगीराजच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवत होता. हे वाद्य गिटारसारखंच दिसतं, पण त्याला तारा चारच, त्याही जाड, आणि आवाज अगदी खालचा. गाणं चालू असताना तो कुणाच्या ध्यानात येत नाही. तो थांबला की मात्र गाण्याच्या पायाखालची फळी निघते आणि लोक रागाने ढोलकीवाल्याकडे बघतात. थोडक्यात, बारा वर्षांत राजशेखरची दखल घेतली गेली ती फक्त चुकांसाठी, आणि तीही दुसऱ्याच्या नावावर. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती, कारण घरात एक जाणकार होता. त्याची आई शिवम्मा गाणं ऐकत नसे, झाकणं ऐकत असे. कुठल्या सुराला कुठला डबा बोलतो हे तिला पाठ होतं. "आज तुरीचा डबा नीट बोलला, हरभऱ्याचा अडखळला," असं ती भाकरी थापता थापता म्हणाली, की तो मुकाट्याने परत तेवढाच तुकडा वाजवायला बसे.

पत्रामागे एक योजना होती. काही ऑर्केस्ट्रांनी स्टेज भरलेलं दिसावं म्हणून बंद वाद्यं हातात देऊन मेहुणे-भाचे उभे केल्याची तक्रार झाली होती. तक्रार खोटी नव्हती. ताडकळसला एका गृहस्थाने दीड तास सनई वाजवली होती आणि त्या सबंध काळात त्याच्या तोंडात पान होतं. तेव्हा जिल्हा वाद्यवृंद पडताळणी समिती नेमण्यात आली. प्रत्येक वादकाचं मोबाइलवर चित्रण करायचं, ते मोबाइलवरच लावून ऐकायचं, आणि जो दिसेल व ऐकू येईल त्याचीच कलावंत म्हणून नोंद करायची, असा नियम ठरला. नोंद नसलेल्याला पोखर्णीच्या नृसिंहाच्या यात्रेत स्टेजवर पाय ठेवता येणार नव्हता.

योगीराज स्वतः घरी येऊन चहा पिऊन गेला. "अप्पा, तुमच्याबिगर आमाला करमायचं न्हाई," तो बशीकडे बघत म्हणाला, "पण एकाची नोंद न्हाई तर सगळ्यांची परवानगी जायलीय." मग त्याने यात्रेला अजून सव्वा महिना आहे, हेही सांगितलं. राजशेखरला जे कळायचं ते कळलं. सव्वा महिन्यात आवाज सिद्ध झाला नाही, तर त्याची जागा कुणाच्या तरी मेहुण्याला जाणार होती.

समितीवर तीन सदस्य होते. त्यातली संगीताच्या जाणकाराची जागा रिक्त होती, त्यामुळे कामात अडथळा येत नव्हता. उरलेले दोघे म्हणजे सदस्य-सचिव माणिकराव, ज्यांच्याकडे आणखी चार टेबलांचा अतिरिक्त कार्यभार होता, आणि तांत्रिक सदस्य तात्याराव, ज्यांची तीस वर्षं विजेच्या तारा आणि मीटर तपासण्यात गेली होती. राजशेखर परभणीला जाऊन त्या दोघांपुढे उभा राहिला.

"साहेब, हा खालचा आवाज हाय," तो म्हणाला. "मोबाइलच्या टीचभर स्पीकरातून त्यो निघतच न्हाई. एकदा समोर बसून ऐका की."

"समोर बसून ऐकलेलं अपलोड होत नाही," माणिकराव शांतपणे म्हणाले. "आणि आवाजच नाही असं आमचं म्हणणं नाही. तो शासनापर्यंत पोचला नाही, इतकंच."

तात्याराव इतका वेळ डोळे मिटून बसले होते. त्यांनी ते उघडले आणि गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची केबल किती फुटी आहे, ते विचारलं. वीस, असं राजशेखरने सांगताच त्यांनी माणिकरावांकडे अर्थपूर्ण नजर टाकली.

"गळती," ते म्हणाले.

अडचण अशी होती की तात्यारावांचं अगदीच चुकत नव्हतं. बेस गिटारमधून निघणारी वीज इतकी नाजूक असते की लांब केबल तिची वरची धार वाटेतच खाऊन टाकते, आणि आवाज गोल, मऊ होतो. राजशेखरची जुनी केबल बारा वर्षं नेमकं हेच करत आली होती आणि म्हणूनच त्याने ती बदलली नव्हती. पण काहीतरी खाल्लं जातं हे एकदा कबूल केल्यावर कोण खातं याची चौकशी ओघानेच आली. केबल तीन फुटांच्या आत आणावी, आणि आपल्या केबलवर कुणीही आकडा टाकलेला नाही असं स्वयंघोषणापत्र जोडावं, असा शेरा मारून प्रकरण पुढच्या तपासणीला ठेवण्यात आलं.

त्याच आठवड्यात दुसरं पत्र आलं. गेल्या वर्षीच्या यात्रेत योगीराजच्या ऑर्केस्ट्रातील बेस गिटारच्या अतितीव्र आवाजाने पोखर्णीच्या कडूबाई यांच्या घरावरचे पत्रे हादरले, तरी सात दिवसांत खुलासा करावा, असं त्यात म्हटलं होतं. राजशेखरला इतका आनंद झाला की त्याने आईच्या हातावर साखर ठेवली. सरकारने त्याचा आवाज ऐकला होता. तो दोन्ही पत्रं घेऊन परभणी गाठता झाला आणि ध्वनिप्रदूषणाचं टेबल शोधत गेला, तर तिथेही माणिकरावच बसलेले होते.

"साहेब, ह्या दोन्ही सह्या तुमच्याच हायत," त्याने पत्रं शेजारी शेजारी ठेवली. "हिकडं आवाज न्हाई म्हणता, तिकडं लय झाला म्हणता."

माणिकरावांनी दोन्ही सह्या ताडून पाहिल्या आणि दोन्ही बरोबर असल्याचा निर्वाळा दिला. पडताळणीचं टेबल सकाळचं होतं, प्रदूषणाचं दुपारचं. सकाळी त्यांना आवाज आला नाही आणि दुपारी जास्त आला, यात विसंगती कुठे होती? दुपारचं पत्र सकाळी पुरावा म्हणून चालेल का, असं राजशेखरने विचारलं, तेव्हा माणिकरावांनी आपुलकीने नियमावली काढली. नोटीस ऑर्केस्ट्राच्या नावे होती. ती वैयक्तिक करून घ्यायची तर पत्रे आपणच हादरवले, असं राजशेखरने लेखी द्यायला हवं होतं. राजशेखर लिहायला बसलादेखील. पण असा ठपका ज्याच्यावर असेल त्याची कलावंत म्हणून नोंद होत नाही, असं नियम नऊमध्ये होतं, आणि ते माणिकरावांनी त्याचं पेन उघडल्यावर सांगितलं.

मग राजशेखर तीन फुटी केबल घेऊन आला. एवढ्यावर भागणार नाही म्हणून त्याने परभणीतल्या एका मेकॅनिककडून गिटारच्या पोटात बॅटरीवर चालणारं छोटं सर्किटही बसवून घेतलं, जे आवाजाची वरची धार पुढे ढकलत होतं. आवाज आता ताटावर चमचा वाजवल्यासारखा येऊ लागला. घरी त्याने सराव केला तेव्हा शिवम्मा दारात येऊन उभी राहिली. तिने फळीकडे बघितलं आणि म्हणाली, "आज नुसती मोहरीची डबी बोलायलीय."

मोबाइलला मात्र हा आवाज थोडाफार पकडता आला. फक्त झालं असं की ॲम्प्लिफायर असतो मागे, ड्रमच्या आड, आणि तीन फुटांच्या केबलने बांधलेल्या माणसालाही तिथेच उभं राहावं लागतं. ॲम्प्लिफायर पुढे आणावा तर गायिका त्रिवेणीताई त्याच्यामागे झाकल्या जात होत्या आणि त्यांची नोंद धोक्यात येत होती. दुसऱ्या तपासणीचा शेरा आला: 'आवाज आढळला. इसम आढळला नाही. आवाज बेवारस समजण्यात यावा.'

यात्रेला सहा दिवस राहिले होते. राजशेखरने सर्किट काढून टाकलं, जुनी वीस फुटी केबल लावली आणि योगीराजच्या सरावाच्या शेडमध्ये सर्वांच्या पुढे उभा राहिला. ऐकू येवो न येवो, निदान आपल्या आवाजात नापास व्हावं, असं त्याने ठरवलं होतं. त्या दिवशी तो फार सुंदर वाजवत होता. तपासणीसाठी समितीचे दोघेही तिथे आले होते. माणिकराव चांगला कोन मिळावा म्हणून मोबाइल धरून मागे मागे सरकत आले आणि त्यांचा पाय केबलमध्ये अडकला.

केबलच्या आत तारेभोवती एक जाळी असते. बाहेरची वीज आत शिरू नये, हे तिचं काम. प्लगापाशी तिला जोडणारा कथलाचा डाग सुटला आणि शेडमधल्या ट्यूबलाइटची, पंख्याची, शेजारच्या विहिरीवरच्या मोटारीची, सगळ्यांची भुणभुण केबलमध्ये शिरून ॲम्प्लिफायरमधून बाहेर पडली. शेडभर घरघर सुरू झाली. राजशेखरने तारांवरचे दोन्ही हात उचलले आणि वाकून प्लग बघू लागला. चित्रण चालूच होतं.

दोघांनी ते तिथेच मोबाइलवर लावून ऐकलं. तात्यारावांचा चेहरा उजळला. "आला," ते म्हणाले. "गळती बंद झाली की कसा आला बघा."

"साहेब, हे मी वाजवायलो न्हाई," राजशेखर म्हणाला. "केबल तुटलीय. दोन मिनिटं द्या, डाग देतो."

"कशाला बिघडवता?" माणिकराव कळवळून म्हणाले. "माणूस दिसतोय, आवाज ऐकू येतोय. दोन्ही रकाने भरले."

योगीराजने त्याला बाजूला घेतलं. नोंद तर होऊ द्या, मग स्टेजवर तुमचं तुम्ही मनासारखं वाजवा, कोण बघतंय, असं त्याने कानात सांगितलं. राजशेखरला ते पटलं नाही, पण बारा वर्षांची जागा डोळ्यांपुढे आली आणि त्याने अर्जावर सही केली. सही करताना आपण काय करतो आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं. सहीची शाई वाळेपर्यंत तात्यारावांनी पिशवीतून बारीक तार, शिशाची गोळी आणि पक्कड काढली, आणि मीटरला लावतात तसं सील त्यांनी गिटार आणि प्लग यांना मिळून लावलं. मंजूर आवाजात फेरफार होऊ नये, हा त्यामागचा उद्देश होता. सील तोडणाऱ्याची नोंद रद्द होऊन वर गुन्हा दाखल होणार होता.

तेव्हापासून राजशेखर गळ्यात वीस फूट केबल गुंडाळून मोटरसायकलवरून गिटार नेऊ लागला. पोखर्णीला त्याने पूर्ण कार्यक्रम केला. तो वाजवत होता, पण ते त्याच्या बोटांशिवाय कुणाला कळायला मार्ग नव्हता; घरघर पहिल्या गाण्यापासून आरतीपर्यंत एकाच सुरात चालली. कडूबाई पुढेच बसल्या होत्या आणि त्यांची तक्रार नव्हती, म्हणून दुपारच्या टेबलाने आपली नोटीस निकाली काढली. राजशेखरला उत्कृष्ट वादक म्हणून प्रशस्तिपत्र मिळालं. महिनाभरात इतर ऑर्केस्ट्रांचे बेसवाले त्याच मेकॅनिककडे चांगले डाग सोडवून घ्यायला येऊ लागले आणि त्याने दुकानावर पाटी लावली: 'मंजूर घरघर बसवून मिळेल.'

पोखर्णीहून घरी आल्यावर राजशेखरने ॲम्प्लिफायर सुरू केला आणि हात मांडीवर ठेवून बसला. फळीवरची सगळी झाकणं एकदम किणकिणायला लागली, तुरीचं, हरभऱ्याचं, मोहरीचं, आणि थांबेनात. शिवम्मा पदराला हात पुसत आली.

"कोण वाजवायलाय रे हे?"

"मीच, आई."

तिने त्याच्या मांडीवरच्या हातांकडे बघितलं. मग आत जाऊन तिने जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि एकेका झाकणाखाली एकेक घातली.

दुसऱ्या दिवशी राजशेखरने सील काढून द्यावं म्हणून अर्ज केला. तो आठवड्याभरात फेटाळला गेला. वर जावक क्रमांक होता, खाली गोल शिक्का होता, आणि या वेळी संदर्भ एकच होता. पोखर्णीच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर आला होता, आठवतो? तुम्ही तो जेवता जेवता पाहिलात, अंगठा दाबलात आणि खाली लिहिलंत, 'आता कसा बेस ऐकू येतोय.' समितीने ते वाक्य तुमच्या नावासकट संदर्भात उतरवून घेतलं आहे.